माळवदावरचा सूर

सांडगे वाळत घातले की माळवदावर राखणीला कुणीतरी बसावं लागतं. यंदाही ते काम माझ्याकडे आलं आहे. जुन्या धोतरावर अव्वाने, म्हणजे आईने, घातलेल्या सांडग्यांच्या ओळी, उन्हाने तापलेली माती, आणि जिन्याच्या छपराची हातभर सावली. त्या सावलीत मी पुस्तक घेऊन बसले आहे. पुस्तक नुसतं उघडं आहे, कान रस्त्याकडे आहेत. चौकातून लग्नाचा बँड येतो आहे. ढोल अजून नीट ऐकू येत नाही, वरात दिसत नाही, पण क्लॅरिनेट सगळ्यांच्या आधी गल्लीत शिरलं आहे.

ते कोण वाजवतंय हे मला वाकून बघावं लागत नाही. तरी मी कठड्यापाशी जाते. पांढरा कोट, खांद्यावर सोनेरी दोऱ्या, डोक्याला थोडी मोठी होणारी टोपी. शांतवन सर. आमच्या इंग्रजी शाळेतले संगीताचे मास्तर, चर्चमधले गायक, आणि लग्नसराईत बँडवाले. आपल्या मास्तरांना अशा टोपीत बघून शाळेतल्या मुली पूर्वी तोंड लपवून हसायच्या. मी हसत नसे, पण मीही रस्ता बदलायची. लाज त्यांची वाटायची की आपली, हे तेव्हा कळलं नाही.

दरवर्षी हे क्लॅरिनेट गल्लीत आलं की मला दुष्काळ सरल्यानंतरचा उन्हाळा आठवतो. त्याला फार वर्षं झालेली नाहीत. दुष्काळात लोकांनी लग्नं पुढे ढकलली होती. मग पाऊस झाला, ज्वारी घरात आली, आणि अडून राहिलेली सगळी लग्नं एकाच सराईत निघाली. अप्पांच्या कापडदुकानात मैंदर्गी-अक्कलकोटकडची माणसं बस्ता बांधायला यायची ती कुटुंबच्या कुटुंबं घेऊन. गाद्यांवर लुगड्यांचे ढीग, कन्नडमधून घासाघीस, मराठीतून हिशेब, आणि कोपऱ्यात झोपलेली पोरं. शहरात एका मांडवातून निघालेला बँड घाम पुसायला थांबला की दुसऱ्या मांडवाचं माणूस त्याला न्यायला उभं असायचं.

मी अकरावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होते. घरात कन्नड, गल्लीत मराठी, शाळेत इंग्रजी. तीन भाषा येत होत्या आणि तिन्हींत मी गप्प असायचे. पाहुणे आले की अव्वा सांगायची, आमची नंदा इंग्रजी बोलते, आणि मी आत पळायची. सरांनी मला पेटीवर बसवलं ते त्या गप्प राहण्यामुळेच. साथीला असंच माणूस लागतं, ते म्हणाले होते, स्वतःचं काही सांगायचं नसलेलं. हे कौतुक होतं की नाही यावर मी बरेच दिवस विचार केला.

सर मूळचे इथलेच. मिशनच्या बोर्डिंगात असताना त्यांचा गळा कुणाच्या तरी लक्षात आला. पुढे मुंबईला एका मोठ्या गायनवृंदात ते टेनर म्हणून उभे राहिले. टेनर म्हणजे पुरुषांच्या आवाजातला सगळ्यात वरचा. तो गळा सांभाळता सांभाळता ते व्हायोलिन शिकले, हॉटेलात वाजवलं, सिनेमाच्या गाण्यांत मागच्या रांगेत बसले, पियानो दुरुस्त केले. वडील गेले तेव्हा ते धाकट्या भावंडांसाठी परत आले, आणि थोड्या दिवसांसाठी म्हणून आलेले इथेच राहिले. चर्चमध्ये ऑर्गन, शाळेत प्रार्थना, कुणाच्या मुलीला व्हायोलिन, मठातल्या भजनाला कधी तबला. सगळं येतं म्हणून त्यांना सगळीकडून बोलावणं असे. मला वाटतं, सगळं येणाऱ्या माणसाला लोक एका गोष्टीसाठी बोलवायचं विसरतात.

आणि त्या उन्हाळ्यात कुणीतरी त्यांना नेमकं त्या एका गोष्टीसाठी बोलावणार होतं.

मुंबईच्या वृंदाच्या संचालिका मिसेस परेरा इथे सोलापुरात बहिणीकडे येणार होत्या. वृंदाचा हिवाळ्यात मोठा कार्यक्रम होता, त्यांचा टेनर परदेशी निघून गेला होता, आणि त्यांना सरांची आठवण झाली होती. चर्चमध्ये उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांचा गायनाचा कार्यक्रम व्हायचा. त्यात शेवटी सरांनी गावं, त्या ऐकतील आणि ठरवतील. गाणं ठरलं एक लॅटिन प्रार्थना. साधी, सावकाश चढत जाणारी. शेवटाकडे एक सूर असा उंच जातो की तिथे उभं राहायला जागा नसते, आणि नेमकं तिथेच थांबायचं असतं. सर त्याला माळवदावरचा सूर म्हणायचे. शिडी दिसू द्यायची नाही, ते मुलांना सांगत, वर पोचलेलं तेवढं दिसलं पाहिजे.

अडचण अशी की त्या सराईत बँडचा गाणारा आजारी पडला होता. मग क्लॅरिनेट वाजवून झालं की सरच भोंग्यासारखा कर्णा तोंडाला लावून सिनेमाची गाणी म्हणत. धूळ, ऊन, घोड्यांच्या टापा, डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेल्या बायका, आणि त्या सगळ्याच्या वर सरांचा आवाज. सकाळी तालमीला आले की त्यांच्या बोलण्यात खर लागायची, घसा बसल्यासारखी. डॉक्टरांनी घशात गाठीसारखं काही दिसतंय म्हणून सांगितलं होतं. गप्प राहा, नाहीतर हा आवाजही जाईल. ही गोष्ट मला मार्थाकाकूंनी सांगितली, सरांच्या बायकोने. सरांनी कधीच नाही.

दुसरी अडचण ऑर्गनची. पायाने हवा भरायचं ते जुनं ऑर्गन, त्याचा भाता उंदरांनी कुरतडला होता. दुष्काळात त्यांनी तरी काय खायचं, सर म्हणाले. तेव्हा आमची पेटी चर्चमध्ये गेली. ही अप्पांची पेटी सोमवारच्या भजनाची. तिच्या कपाळावर अप्पा दर सोमवारी विभूतीचे तीन पट्टे ओढतात. टांग्यातून उतरवताना मी ते पुसायला पदर पुढे केला तर सरांनी हात आडवा धरला. असू दे, म्हणाले, ती तिच्या घरून आली आहे.

त्या पेटीला डाव्या बाजूला एक पितळी मूठ आहे. ती ओढली की पट्ट्यांची सगळी फळी खटकन सरकते. बोटं त्याच पट्ट्यांवर, पण सूर एका पायरीने खाली किंवा वर. अप्पा त्या खाचांना घरं म्हणतात. भजनातली मंडळी आता म्हातारी झाली आहेत, त्यांना उंच झेपत नाही, म्हणून पेटी कायम दोन घरं खाली. आमच्याकडे ज्याचा गळा जिथे बसतो तिथे पेटी बसते, यात सांगण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटतच नाही.

पहिली तालीम सकाळी, ऊन चढायच्या आत. फरशी गार होती. बाकांवर मुलं जांभया देत होती, मार्थाकाकू खिडक्या उघडत होत्या. मी समोर कागद ठेवला. रेघांवर टिपके मांडलेल्या या सुरांच्या लिपीला अप्पा मुंग्या म्हणतात. तुझ्या मुंग्या कुठं चालल्यात बघ, म्हणतात. मी मुंग्यांमागे बोटं चालवत गेले आणि सर गाऊ लागले. आवाजात खर होती, पण जसजसं गाणं चढलं तशी ती मागे पडली. आणि मग तो सूर. त्यांनी तो घेतला आणि धरला. शिडी दिसली नाही. जांभया देणारी मुलं तोंड मिटायची विसरली. काकू खिडकीच्या गजाला धरून उभ्या राहिल्या. सरांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. टोपीतल्या माणसाच्या आत इतका तरुण माणूस राहतो याची मला कल्पनाच नव्हती.

ते उतरून शेवटच्या सुरावर आले, आणि गिरणीचा भोंगा झाला.

या शहरात भोंगा कुणी ऐकत नाही, त्यावर उठतात, जेवतात, कामाला जातात. पण पूर्वी, ऑर्गन धड असताना, सर हे गाणं वाजवत तेव्हा भोंगा झाला की आम्हाला हसू यायचं, कारण या गाण्याचा शेवटचा सूर आणि भोंगा एकमेकांत जवळजवळ मिसळून जायचे. गिरणी सुद्धा आमेन म्हणते, असं सर म्हणायचे. त्या सकाळी ते मिसळले नाहीत. पत्र्यावर करवत फिरावी तसे एकमेकांना घासत राहिले. भोंगा लांबलचक होता. सर गायचे थांबले. मीही बोटं उचलली. भोंगा थांबेपर्यंत ते तसेच उभे होते, मान किंचित वाकडी करून. मग ते पेटीपाशी आले, खाली वाकून पितळी मूठ पाहिली, आणि ती उजवीकडे ढकलली. खट. खट. दोन घरं.

"पुन्हा," ते म्हणाले.

पुन्हा गायले. त्या सुरापाशी आवाज फाटला. एखादं पातळ झालेलं धोतर दांडीवरून ओढताना फाटतं तसा, फारसा आवाज न होता. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. सर म्हणाले, आज एवढं पुरे, आणि खिशातून रुमाल काढून तोंड पुसत राहिले, तोंडाला काही लागलेलं नसताना.

नंतरच्या तालमींत ते वरच्या जागा नुसत्या ओठांत म्हणत. आवाज राखतो आहे, म्हणायचे. संध्याकाळी पुन्हा कुठल्या तरी वरातीत कर्णा तोंडाला. बँडची माणसं सराईवर वर्ष काढतात, त्यांना सोडून कसं जायचं, असं त्यांचं म्हणणं. अप्पांनी मला विचारलं, सरांचं गाणं कसं चाललंय? मी मान हलवली. माझी मान त्या काळात फार काही सांभाळायची.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मार्थाकाकूंनी मला चर्चच्या मागच्या नळापाशी गाठलं. त्यांच्या हातात मुलांना पाणी द्यायची बादली होती. ती त्यांनी खाली ठेवली नाही, तशीच धरून बोलल्या.

"नंदा, तू उद्या पेटी दोन घरं खाली घे की गं. त्या दिवशी त्यांना कळलंच नव्हतं. भोंगा झाला म्हणून कळलं. उद्या एतवार, गिरणी बंद हाय."

मी म्हटलं, मिसेस परेरांना कळेल.

"त्यांना कळू दे. ह्यांना कळायला नको. वरचं गाताना काही झालं तर हा माणूस पुन्हा तोंड उघडायचा न्हाय. मला लई भीती वाटतीय."

बादलीतलं पाणी हलत होतं. मी त्याच्याकडे बघत राहिले, आणि काकूंनी ते हो समजून माझ्या खांद्यावर ओला हात ठेवला.

त्या रात्रभर मला माळवदावर झोप लागली नसेल असं कुणाला वाटेल, पण मी झोपले. सकाळी मात्र उठल्या उठल्या आठवलं. मनात दोन्ही बाजूंनी वकील उभे होते. घरातला वकील म्हणत होता, त्यात काय, गळ्यासाठी पेटी असते, पेटीसाठी गळा नाही. शाळेतला वकील म्हणत होता, कागदावर लिहिलेला सूर म्हणजे दिलेला शब्द. आणि मला दिसत होता तो पहिल्या तालमीतला चेहरा. तो खोट्या सुरावर उजळला होता, हे खरं. पण उजळला होता हेही खरंच होतं.

संध्याकाळी चर्च भरलं. विंझणे हलत होते, मोगऱ्याचा आणि घामाचा मिळून एक वास होता. अप्पा जन्मात पहिल्यांदा चर्चमध्ये आले. त्यांनी सवयीने चपला बाहेर काढल्या. पायरीवर तेवढा एकच जोड होता. शेवटच्या बाकावर बँडची माणसं गणवेशातच येऊन बसली, टोप्या मांडीवर. त्यांना तिथून पुढे एका मांडवात जायचं होतं. मिसेस परेरा पहिल्या रांगेत, लहानखुऱ्या, हातात सुती छत्री. त्यांच्या मागे काकू. मुलांची गाणी झाली, सरांनी व्हायोलिन वाजवलं, टाळ्या पडल्या. ते कोपऱ्यात गरम पाणी पीत होते तेव्हा गिळताना त्यांनी डोळे घट्ट मिटलेले मी पाहिले.

मग त्यांच्या गाण्याची वेळ आली. माझा डावा हात पितळी मुठीवर होता. तो तिथे कधी गेला, सांगता येणार नाही. मूठ घामाने निसरडी झाली होती. ओढली नव्हती. काकू माझ्याकडे बघत होत्या. विंझणे थांबल्यासारखे वाटले.

सर पेटीपाशी आले. कागद नीट करायच्या निमित्ताने वाकले, आणि त्यांना माझा हात दिसला.

"काकूने सांगितलं?" ते अगदी हळू म्हणाले.

मी मान हलवली.

"किती?"

"दोन घरं."

ते मिसेस परेरांकडे बघत राहिले. मग त्यांच्याही मागे, शेवटच्या बाकाकडे. त्यांनी माझा हात अलगद बाजूला केला, स्वतः मूठ धरली, आणि ओढली. खट. खट. आणि थोडं थांबून, आणखी एकदा खट. त्या शांततेत तो आवाज दारापर्यंत गेला असणार. चर्चमध्ये ज्याला संगीतातलं काही कळत नव्हतं त्यालाही काहीतरी सरकलेलं कळलं.

मग ते वळले.

"हे गाणं उंच लिहिलेलं आहे," ते म्हणाले. "मी ते उंचच म्हणत आलो. आज माळवदावर ऊन फार आहे. ओसरीत बसून म्हणतो."

बँडवाले हसले. मिसेस परेरा हसल्या नाहीत. त्यांनी छत्री मांडीवर आडवी ठेवली.

ते गाणं मी कसं वाजवलं हे मला आठवत नाही, फक्त ऐकलेलं आठवतं. आवाज खाली होता आणि रुंद होता. खर होती ती राहिली, त्यांनी ती लपवली नाही. उंचावर जाणारा सूर आता उंचावर जात नव्हता, पण तिथे पोचल्यावर ते थांबले, लिहिलंय तितकं थांबले, आणि मला जाणवलं की इतके दिवस मी त्या सुराची उंचीच ऐकत होते, त्यातली विनवणी ऐकलीच नव्हती. अप्पांनी मांडीवर बोटाने ठेका धरला होता. त्या गाण्याला ठेका नसतो. पण सर त्यांच्याकडे बघून गात राहिले.

नंतर मी भाता बांधत असताना मिसेस परेरा सरांशी बोलल्या, इंग्रजीतून, म्हणून बहुधा माझ्यासमोर. त्यांनी गोड काही सांगितलं नाही. त्या म्हणाल्या की टेनरसाठी त्यांना दुसरं कुणीतरी बघावं लागेल. खालच्या आवाजांच्या रांगेत मात्र जागा आहे, कधीही या. सरांनी सराई संपल्यावर सांगतो म्हणून हात जोडले. मग टोपी घेतली आणि बँडच्या माणसांबरोबर मांडवाकडे निघाले. त्या दिवशी कर्णा त्यांनी दुसऱ्या कुणाच्या हाती दिला, हे आम्हाला नंतर कळलं.

काकू माझ्याजवळ आल्या. तू सरकवलंस ना, असं त्यांनी विचारलं. त्यांना सरांची पाठ दिसली होती, हात दिसला नव्हता. मी म्हटलं, त्यांनीच. तीन घरं.

"येडा मानूस," काकू म्हणाल्या. त्या बाकावर बसल्या. दोनदा पदर डोळ्यांना लावला. मग उठून मुलांचे पेले गोळा करू लागल्या.

घरी येताना टांग्यात अप्पा पेटीवर हात ठेवून बसले होते. एवढंच होतं तर आधी सांगायचं की, ते म्हणाले, पेटी त्यासाठीच तर घेतली. त्यांना समजावून सांगायला माझ्याकडे एकाही भाषेत शब्द नव्हते. अप्पांच्या लेखी ते म्हाताऱ्या माणसाला पाट पुढे सरकवणं होतं. सरांनी मात्र त्या तीन खटक्यांत स्वतःचं उंच गळ्याचं नाव उतरवून ठेवलं होतं. बोर्डिंगातल्या दिवसांपासून जे नाव त्यांनी सांभाळलं होतं ते, सगळ्यांसमोर, आपल्या हाताने. मुंबईला ते गेले नाहीत. त्याचं कारण त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

त्यानंतर बराच काळ ते गायलेच नाहीत. डॉक्टरांचं ऐकलं. शाळेत खूण करून शिकवायचे, सराईत नुसतं क्लॅरिनेट. मग एका सोमवारी ते काकूंना घेऊन आमच्याकडे भजनाला आले आणि मागे भिंतीला टेकून बसले. पुढच्या सोमवारीही आले. अप्पांची बोटं आता आखडतात, म्हणून पेटीवर मी असते. म्हाताऱ्या मंडळींना आधी अवघडल्यासारखं झालं, मुलगी पेटीवर म्हणून, पण मी काही बोलत नसल्यामुळे ती सवय लवकर झाली. सर हळूहळू गुणगुणू लागले, मग मंडळींच्या मागून गाऊ लागले. कुठं लावू, असं मी डोळ्यांनी विचारते. ते गळ्यावर दोन बोटं ठेवून बघतात आणि बोटं जमिनीकडे दाखवतात. तीन घरं खाली. कायम तीन घरं खाली.

बँड आता आमच्या दारावरून पुढे गेला आहे. कावळ्याने दोन सांडगे नेले. सरांनी वर पाहिलं, टोपी जराशी उचलली. मी हात हलवला, सगळ्या गल्लीसमोर.

गेल्या सोमवारी भजनाच्या शेवटी मंडळी उठायच्या बेतात असताना सर म्हणाले की ती लॅटिन प्रार्थना म्हणून बघू का. अप्पांनी सगळ्यांना बसायची खूण केली. कुणाला ती भाषा कळत नव्हती, पण बसले सगळे. मी मुठीकडे हात नेला. ती जिथे होती तिथेच ठेवायची असं धरून चालले होते. सरांनी गळ्यावर बोटं ठेवली, आणि या वेळी ती खूप वेळ तिथेच राहिली.

"नंदा," ते म्हणाले, "एक घर वर घे."

काकूंच्या हातातले टाळ वाजता वाजता थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण या वेळी काही मागितलं नाही. मी मूठ ढकलली. खट. सरांनी डोळे मिटले, खांदे खाली सोडले. मी भाता उघडला आणि त्यांच्या श्वासाची वाट बघत थांबले.